नादाची लांबी आणि उंची

स्नेहसंमेलनासाठी नृत्य बसवू लागले म्हणजे एक अडचण हटकून उभी राहते. गीताचे ध्वनिमुद्रण ४ मिनिटांचे असते आणि रंगमंचावरील हालचालींस ५ मिनिटे लागतात. ध्वनिसंपादनाची सॉफ्टवेअरे आता सहज मिळतात. तेव्हा कोणीतरी ते गीत संगणकावर ताणतो. मग तबला दुहेरी वाजू लागतो, गाणाऱ्याचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो, किंवा गीत ५ मिनिटांऐवजी ५ मिनिटे २० सेकंद चालते. हे दोष कशाने येतात ते समजले तर त्यांतील बरेचसे टाळता येतात, आणि ताणण्याचा उपाय मुळीच करू नये असे प्रसंगही ओळखता येतात. त्यासाठी प्रथम थोडा मूळ विचार केला पाहिजे.

नाद म्हणजे हवेची कंपने. ग्रामोफोनची तबकडी सावकाश फिरू लागली की गाणे लांबते आणि सूरही खाली येतो. कारण दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या घटते. लांबी आणि उंची यांची ही गाठ निसर्गानेच बांधलेली आहे. वेग कमी करून ४ मिनिटांचे गीत ५ मिनिटांचे केले, तर कंपनसंख्या चार-पंचमांश होते आणि स्वर हार्मोनियमच्या जवळजवळ चार पट्ट्या खाली उतरतो. (काळ्या-पांढऱ्या सर्व पट्ट्या येथे मोजावयाच्या.) पांढरी चारमध्ये गायलेले गीत काळी एकच्या आसपास येते, आणि गाणारी मुलगी एकाएकी प्रौढ वाटू लागते. सूर जागच्या जागी ठेवून केवळ लय संथ करावयाची, तर ही गाठ सोडवावी लागते. ऑडॅसिटी या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये 'चेंज टेम्पो' ही आज्ञा फक्त लय बदलते. 'चेंज स्पीड' या शब्दांनी सुरू होणारी आज्ञा लय व सूर दोन्ही एकदम बदलते. सूर अकारण उतरला असेल, तर आज्ञा चुकीची निवडली गेली काय, हे आधी पाहावे.

पुष्कळदा दोष केवळ हिशेबाचा असतो. ४ मिनिटांची ५ मिनिटे झाली म्हणजे लांबी शेकडा २५ वाढली. परंतु लय शेकडा २० नेच कमी झाली. मिनिटास १०० मात्रा पडत होत्या, त्या ८० पडू लागल्या. 'चेंज टेम्पो' ही आज्ञा लयीचा आकडा विचारते. तेथे उणे २५ लिहिले की गीत ५ मिनिटे २० सेकंदांचे होते आणि शेवटच्या रांगेतल्या मुली पडदा पडण्याची वाट पाहत उभ्या राहतात.

आता गाठ सुटते कशी, ते पाहू. संगणक ध्वनीचे लहान लहान तुकडे करतो. असा एक तुकडा सेकंदाच्या विसाव्या भागाएवढा समजा. कौलारू छपरावर प्रत्येक कौल शेजारच्या कौलावर थोडे चढलेले असते, तसे हे तुकडे एकमेकांवर चढवून मांडलेले असतात. छप्पर लांबवायचे असेल तर तीच कौले थोडी कमी चढवावयाची. कौल तेच राहिल्यामुळे त्याच्या आतील कंपने बदलत नाहीत, म्हणून सूर टिकतो; एकूण लांबी मात्र वाढते. पंचाईत होते ती सांध्यांशी. एका तुकड्यातील लाटेचा माथा दुसऱ्याच्या माथ्यावर आला तर आवाज सलग राहतो. माथ्यावर खळगा आला तर दोघे एकमेकांस मारून टाकतात आणि आवाज थरथरतो. म्हणून चांगले सॉफ्टवेअर तुकडा किंचित पुढेमागे सरकवून लाटा जुळतील अशी जागा शोधते.

तबल्याच्या थापेपुढे ही युक्ती लंगडी पडते. थाप क्षणार्धात उमटते. ती नेमकी दोन तुकडे एकमेकांवर चढतात त्या भागात आली, तर दोन्ही तुकड्यांत तिची प्रत असते. तुकडे दूर सरकले की एक 'ना' दोनदा ऐकू येतो. यावर उपाय म्हणजे तुकडे लहान करणे. पण तंबोऱ्याचा खर्ज लहान तुकड्यांत मावत नाही. मध्य षड्ज काळी एकचा, म्हणजे पुरुषाच्या आवाजात सेकंदास सुमारे १३९ कंपनांचा धरला, तर खर्जाची तार सुमारे ६९ वेळा कंप पावते. एका कंपनास साडेचौदा सहस्रांश सेकंद लागतात. तुकड्यात अशी तीन कंपने तरी आल्याखेरीज तो स्वर नीट सांधता येत नाही. तबल्यास सोयीचा तुकडा तंबोऱ्यास तोकडा, आणि तंबोऱ्यास पुरणारा तबल्यास लांब! काळ आणि कंपनसंख्या ही दोन्ही एकाच वेळी हवी तितकी बारीक मोजता येत नाहीत, हे डेनिस गॅबर या शास्त्रज्ञाने १९४६ साली ध्वनीसंबंधी मांडले होते. सॉफ्टवेअर बदलल्याने हा नियम बदलत नाही. वाद्ये निरनिराळी मुद्रित केलेली असतील तर प्रत्येकास त्याच्या जातीप्रमाणे तुकड्याची लांबी द्यावी. एकत्र असतील तर कानाने तडजोड करावी.

दुसरी एक पद्धत १९६६ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या फ्लॅनगन आणि गोल्डन यांनी प्रसिद्ध केली. तिच्यात ध्वनीचे घटक-स्वर वेगळे काढून प्रत्येकास स्वतंत्रपणे लांबवतात. आलापीस ती बरी मानवते. परंतु घटकांचे परस्परांशी असलेले मेळ सुटले की आवाज पाण्याखालून आल्यासारखा किंवा धातूचा वाटतो, आणि थापेची धार बोथट होते. तबला दुहेरी वाजत असेल तर पहिल्या पद्धतीचे तुकडे लांब आहेत, आणि आवाज ओलसर झाला असेल तर दुसरी पद्धत चालू आहे, असे बहुधा समजावे. आमच्या कानांस शेकडा १० पर्यंतचा ताण क्वचितच खटकतो. शेकडा २५ ला मात्र जाणकार मान हलवतात, आणि ती दाद देण्यासाठी नव्हे.

ताणलेल्या ध्वनीस पुन्हा ताणू नये. जुन्या सांध्यांवर नवे सांधे पडतात. मूळ प्रतीकडे परत जाऊन एकच अंतिम आकडा द्यावा. डावी-उजवी बाजू असलेले मुद्रण दोन्ही बाजूंनी एकदमच ताणावे, नाहीतर सांधे वेगवेगळ्या ठिकाणी पडून गायक इकडून तिकडे फिरू लागतो.

आणखी एक फसवा प्रकार आहे. संगणक ध्वनीची लाट सेकंदास ठरावीक वेळा मोजतो; कोठे ४४,१०० वेळा, कोठे ४८,००० वेळा. ४४,१०० ने मोजलेली फाइल ४८,००० ची समजून वाजवली, तर ४ मिनिटांचे गीत साधारण ३ मिनिटे ४० सेकंदांत संपते आणि सूर जवळजवळ दीड पट्टी चढतो. तेथे ताणू नये. योग्य आकडा सांगितला की गीत पूर्ववत होते.

हा भेद सर्वांत महत्त्वाचा ठरतो तो घरातल्या जुन्या कॅसेटींच्या बाबतीत. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील कित्येक मराठी घरांत आजीच्या ओव्या, मंगळागौरीची गाणी, आजोबांचे कीर्तन अशा कॅसेटींवर उरले आहे, आणि त्यातले कित्येक आवाज आता दुसरीकडे कोठेच नाहीत. कॅसेटची फीत सेकंदास सुमारे ४.७६ सेंटिमीटर सरकावी असे ठरलेले आहे. मुद्रण करताना बॅटरी उतरली असेल तर फीत हळू सरकते. आज चांगल्या यंत्रावर ती वाजवली की आजी घाईघाईने, बारीक आवाजात गाते. नातवंडे हसतात, आणि कोणी लय संथ करून देतो. लांबी बरोबर होते, परंतु आवाज परक्याच मुलीचा राहतो. येथे वेगच चुकला आहे, म्हणून वेगच बदलला पाहिजे; लांबी आणि उंची दोन्ही मग एकदम आपल्या जागी येतात.

किती बदलावा? मुद्रणात पेटी असेल तर ती उत्तम साक्षीदार. घरातली गाणी काळी दोनमध्ये होत असत हे वडीलधाऱ्यांस आठवते आणि कॅसेटवर पांढरी तीन ऐकू येते, तर एक पट्टी चढली आहे. एका पट्टीचा फरक सुमारे शेकडा ६ चा, म्हणून वेग शेकडा ५.६ ने उतरवावा. पेटी नसेल तर विजेची बारीक घरघर शोधावी. आपल्याकडे विजेचा प्रवाह सेकंदास ५० आवर्तनांचा असतो; मुद्रणातली घरघर ५३ ची निघाली तर फीत शेकडा ६ ने धावते आहे. घरघर नेमकी ५० चीच असेल, तर ती आज कॅसेट संगणकात उतरवताना शिरलेली असू शकते, आणि तिच्यावरून काही ठरवता येत नाही.

बॅटरी उतरत जाते, म्हणून कॅसेटच्या आरंभी लागू पडलेला आकडा शेवटी लागू पडेलच असे नाही. दर ५-१० मिनिटांनी सूर ताडून पाहावा, आणि जेथे वेग हळूहळू बदलण्याची सोय असेल तेथे ती वापरावी. कॅसेटवरून प्रथम उतरवलेली प्रत मात्र जशीच्या तशी वेगळी ठेवावी, आणि दुरुस्त प्रतीच्या नावातच वापरलेला आकडा लिहावा; पुढे कोणास याहून चांगला पुरावा सापडला, तर त्यास मुळापासून पुन्हा आरंभ करता येईल.