दोन काठ्यांची चाल

हाती काठी आली की माणूस थकला, असे आपण समजतो. म्हणून पडण्याची धास्ती वाटू लागली तरी आपण काठी घेत नाही. फिरणेच सोडून देतो. फिरणे सुटले की पायांतील शक्ती घटते, शक्ती घटली की धास्ती वाढते, आणि अखेर माणूस उंबरठ्याच्या आत अडकतो.

फिनलंडमध्ये काठीकडे निराळ्या दृष्टीने पाहिले गेले. तेथे बर्फावर स्कीच्या शर्यती होतात. खेळाडू पायांना लांब पट्ट्या बांधतात आणि हातांतील काठ्यांनी बर्फ मागे रेटीत पुढे सरकतात. उन्हाळ्यात बर्फ नसतो. तेव्हा सराव मोडू नये म्हणून ते काठ्या घेऊन नुसते चालत. १९९७ च्या सुमारास या चालीसाठी खास काठ्या निघाल्या, 'नॉर्डिक वॉकिंग' हे नाव रूढ झाले, आणि खेळाडूंचा सराव सामान्य नागरिकांचा व्यायाम बनला.

यातील मर्म एवढेच की, ही काठी टेकण्यासाठी नसून रेटण्यासाठी आहे. उजवा पाय पुढे पडतो तेव्हा डावी काठी जमिनीस लागते. तिचे टोक मागे तिरपे असते. हात कमरेच्या मागे जाईपर्यंत ती रेटावयाची व मग मूठ सैल सोडावयाची. एरवी पायांवरच सोडलेल्या कामात दंड, खांदे आणि पाठही वाटेकरी होतात. २००२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा पाहणीत, त्याच वेगाने चालूनही प्राणवायूचा खप सरासरीने सुमारे २० टक्क्यांनी वाढलेला आढळला. श्रम मात्र तितके अधिक वाटले नाहीत. म्हणजे ज्यांना वेग वाढविणे झेपत नाही, त्यांच्याही हृदयाला व्यायाम घडतो. शिवाय जमिनीशी दोन आधार वाढल्याने तोल सावरतो.

मात्र अतिशयोक्ती नको. सपाट रस्त्यावर गुडघ्यांचा भार फार हलका होतो, या समजुतीला मोजमापांतून भरवशाचा आधार मिळालेला नाही. उतारावर तो काहीसा कमी होतो.

काठी उभी धरली असता कोपर साधारण काटकोनात यावे, इतकी तिची उंची असावी. डांबरी रस्त्यावर टोकास रबरी टोपण हवे. आपले पदपथ उखडलेले असतात. तेव्हा आरंभ मैदानावर करावा. हृदयविकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. प्रौढांनी आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोजची वीस-बावीस मिनिटे आपणांस जड नाहीत. जड असते ती चारचौघांत काठी हाती धरण्याची लाज, आणि ती आपण दोघे-चौघे मिळून निघालो तर पहिल्याच आठवड्यात सुटेल.