बिल्टी पाहूनच माल घ्या

जुन्नर-आंबेगावच्या आम्हा कापड व्यापाऱ्यांच्या गाठी नारायणगाव, मंचरला टेम्पोनेच येतात. नशेच्या गोळ्यांनाही हीच वाट मोकळी आहे.

अफूसारखी नशा देणारे ट्रामाडॉल एप्रिल २०१८ मध्ये १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली आले. टॅपेन्टाडॉल-कॅरिसोप्रोडॉलच्या मिश्र गोळ्या मुंबईच्या एका कंपनीकडून पश्चिम आफ्रिकेत जात असल्याचे उघड झाल्यावर, फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारने त्यांचे उत्पादन व निर्यात थांबवली.

या कायद्याच्या कलम ६० नुसार अमली माल वाहणारी गाडी सरकारजमा होऊ शकते. ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ एवढ्याने सुटका नाही. पुरेशी खबरदारी घेतली होती, हेही मालकाला सिद्ध करावे लागते.

तेव्हा व्यापारी बंधूंनो, ओळखीच्या भरवशावर परक्याचे पार्सल आपल्या गाठींत घेऊ नका. बिल, बिल्टी, पाठवणाऱ्याचा पत्ता पाहा. रोजी हलाल आहे, तर कागदही साफ हवा.