औषधांच्या वेळापत्रकातली एक वही

रत्नागिरीहून आरे-वारेच्या किनाऱ्याने गणपतीपुळ्यास जाणारे बहुतेकजण दर्शन आटोपून परत फिरतात. वाचकहो, पुढल्या खेपेस थोडे आणखी पुढे जावे. मालगुंड लागते. कृष्णाजी केशव दामले, म्हणजे आपले केशवसुत, येथे १८६६ साली जन्मले. कोकण मराठी साहित्य परिषदेने उभारलेले त्यांचे स्मारकही येथेच आहे.

आधुनिक मराठी कवितेचे जनक हा त्यांचा लौकिक सर्वांस ठाऊक असतो. त्यांनी जन्मभर शाळामास्तरकी केली, हे सहसा कोणाच्या ध्यानी राहत नाही. तुटपुंजा पगार, मुंबई-खानदेश-धारवाड अशी बदलती गावे, पाठीशी संसार आणि १९०५ साली हुबळीस प्लेगाने ओढवलेला मृत्यू. एवढ्या आयुष्यातून आपल्या हाती आल्या सुमारे १३५ कविता. वीस वर्षांच्या लेखनाला त्या वाटून पाहिल्या, तर वर्षाकाठी सहा-सात पडतात. चौदा ओळींचे सुनीतही त्यांनीच मराठीत रुजवले. चौदा ओळी मनात घोळवीत शाळेची वाट चालता येते, कादंबरी तशी चालवता येत नाही. (हा अर्थात माझा तर्क, कवीने तसे सांगितलेले नाही.)

हा हिशेब मांडला तो आपल्यापैकी त्या वाचकांसाठी, ज्यांच्या घरी अंथरुणास खिळलेले वडीलधारे माणूस आहे. मुले-नातवंडे मुंबई-पुण्यास, आणि घरी सून किंवा लेक एकटी. सकाळची रक्तदाबाची गोळी, स्पंजिंग, पेज भरवणे, दुपारी कूस बदलणे, रात्री दोनदा उठणे. अशा दिवसात कधीकाळी कविता लिहिणाऱ्या बाईने वही उघडली, की पहिल्यांदा मनात येते ती अपराधाची भावना: तिकडे सासूबाई कण्हत आहेत आणि मी शब्द जुळवीत बसले आहे! मग ‘सवड झाली की लिहीन’ असे म्हणून वही कपाटात जाते. शुश्रूषेच्या घरात सवड होते ती बहुधा माणूस गेल्यावरच, आणि त्या सवडीत लिहिण्याचे बळ उरलेले असेलच असे नाही.

म्हणून लेखनाचा आकार दिवसाच्या मापाने बेतावा. वही औषधांच्या डब्याशेजारी ठेवावी. दुपारच्या औषधानंतर वडील माणसाचा डोळा लागतो, ती पंधरा मिनिटे आपली. पान भरलेच पाहिजे असे नाही. दोन ओळी, एखादे चित्र, पागोळ्यांचा आवाज, इतकेही चालेल. झोप मात्र तोडू नये. रात्री जागून लिहिलेल्या पानाची किंमत दुसऱ्या दिवशी चिडचिडीने मोजावी लागते, आणि ती रुग्णालाही मोजावी लागते.

पंधरा मिनिटांचा आकडा मी उगाच घेतलेला नाही. १९८६ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी सहकाऱ्यासमवेत एक प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन विद्यार्थी सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटे लिहीत. मनाला लागलेल्या प्रसंगाविषयी, त्यातील भावनांसह, ज्यांनी लिहिले, त्यांचे पुढील काही महिन्यांत दवाखान्यात जाणे किरकोळ विषयांवर लिहिणाऱ्यांच्या मानाने कमी झाले. नंतरच्या अभ्यासांत हा लाभ माफकच दिसला आणि तो सर्वांना सारखा मिळाला नाही. तेव्हा याला औषध समजू नये. शिवाय असे लिहिल्यावर लगेच मन अधिक जड होऊ शकते. ते जडपण उतरेना, आठवडेच्या आठवडे झोप उडाली किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर वही मिटून डॉक्टरांना भेटावे. रागाची पाने फाडून टाकायलाही हरकत नाही. शुश्रूषा करणाऱ्याला राग येतो. तो कागदावर उतरला म्हणून प्रेम कमी ठरत नाही.

आता वडीलधाऱ्या वाचकांशी दोन शब्द. हात थरथरतो, अक्षर दिसत नाही, म्हणून आपले लेखन संपले असे मानू नका. खानदेशातील बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात, काम करता करताच त्या ओव्या रचीत. त्या टिपून ठेवल्या चिरंजीव सोपानदेवांनी आणि त्यांच्या एका मावसभावाने. बाई १९५१ साली गेल्या आणि पुढच्या वर्षी गाणी पुस्तकरूपाने आली. तेव्हा आपण सांगावे आणि सुनेने लिहावे. मोबाईलवर आवाज नोंदवून ठेवला तरी चालेल. त्या पंधरा मिनिटांत दोघांचेही काम होते.

लिहून घेणाऱ्याने एक पथ्य पाळावे: साल चुकले, नाव चुकले, तरी मध्येच दुरुस्ती करू नये. विस्मरणाचा आजार असलेले माणूस अशाने गप्प होते आणि पुन्हा सहजी बोलत नाही. ‘तुमचे बालपण सांगा’ असे भले थोरले विचारण्यापेक्षा लहान प्रश्न धरावा. पावसाळ्यात विहिरीचे पाणी कुठवर चढायचे? मुंबईहून पहिली मनिऑर्डर कोणाची आली? फणसाचे गरे कापायला कोण बसायचे, आणि चिकाचे हात कशाने पुसायचे?

उत्तर अर्धेच आले आणि डोळा लागला, तर त्या ओळीपुढे तारीख घालून वही डब्याशेजारी ठेवावी.