दोन पंप, एकच लाइन : दम लागण्यात हृदयाचा हात किती?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलतानाचे ‘म्हणजे’ आणि ‘अं’ बरेचसे काढलेत, काही राहिलेत, सांभाळून घ्या. आणि हो, मी डॉक्टर नाही. दिवसभर सर्व्हर सांभाळणारा इंजिनिअर आहे, त्यामुळे उदाहरणं तिथलीच येणार.

शाळेत आपण हृदयाचं चित्र काढलं, दोन कर्णिका, दोन जवनिका, निळा रंग, लाल रंग. पाच मार्क मिळाले, विषय संपला. पण त्या चित्रात मुख्य गोष्ट कळतच नाही. हृदय हा एक पंप नाही, शेजारी शेजारी चिकटवलेले दोन पंप आहेत. उजवा पंप शरीराकडून आलेलं रक्त फक्त फुफ्फुसांत ढकलतो. तिथून ऑक्सिजन घेऊन आलेलं रक्त डाव्या पंपात येतं आणि तो ते डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पाठवतो. म्हणजे फुफ्फुसं या दोन पंपांच्या मधोमध, एकाच लाइनवर बसलेली आहेत.

काम वेगळं म्हणून बांधणीही वेगळी. हाताला पट्टा बांधून आपण मोजतो ते १२०/८० म्हणजे डाव्या बाजूचं प्रेशर. उजव्या बाजूने फुफ्फुसांत जाणारं प्रेशर साधारण २५/१० असतं. कारण तिथला मामला फार नाजूक. फुफ्फुसांत काही कोटी वायुकोश असतात, त्यांचा पृष्ठभाग पसरला तर जवळजवळ बॅडमिंटन कोर्टाएवढा होईल. हवा आणि रक्त यांच्यातला पडदा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ. त्या केशवाहिन्यांमधून लाल पेशी जाते पाऊण सेकंदात, आणि ऑक्सिजन भरून घ्यायला तिला त्यातला तिसरा हिस्साच पुरतो. उरलेला वेळ राखीव. जिना पळत चढताना रक्त जोरात धावतं, तेव्हा हा राखीव वेळ कामी येतो. असा पडदा १२० च्या प्रेशरला टिकणार नाही.

आता माझ्या आवडीचा भाग. दोन्ही पंपांनी मिनिटाला सारखंच रक्त पुढे पाठवायला हवं, विश्रांतीत साधारण ५ लिटर. का? हिशोब करून बघा. समजा डाव्याने दर ठोक्याला उजव्यापेक्षा फक्त १ मिलिलिटर कमी पाठवलं. ७० ठोके, म्हणजे मिनिटाला ७० मिलिलिटर रक्त मध्येच अडकलं. दहा मिनिटांत ७००. आणि फुफ्फुसांत एका वेळी एकूण रक्त असतं अर्धा लिटरच्या आसपास! आमच्या भाषेत सांगायचं तर समोरची सर्व्हिस मंदावली, रांग वाढत चालली, आणि रांगेला जागा इतकुशी.

तरीही आपण धडधाकट जगतो, कारण हृदयाच्या स्नायूचा एक गुण. तो जितका जास्त ताणला जातो तितक्या जोराने आकसतो. डाव्या बाजूला जास्त रक्त आलं की भिंती ताणल्या जातात, पुढचा ठोका आपोआप जोरकस होतो, हिशोब बरोबर. मेंदूला विचारायचीही गरज नाही. फ्रँक आणि स्टार्लिंग या दोन शास्त्रज्ञांचं नाव या नियमाला आहे. माझ्या मते शरीरातलं सगळ्यात देखणं डिझाइन हेच.

पण डावा पंप खरंच अशक्त झाला तर? ताणून ताणून किती ताणणार! मग रक्त मागे तुंबतं, फुफ्फुसांतल्या केशवाहिन्यांचं प्रेशर वाढतं आणि पाणी झिरपून आधी ऊतींत, मग वायुकोशांत उतरतं. बिघाड हृदयात, तक्रार फुफ्फुसांची.

माझ्या मामांचं नेमकं हेच झालं. वय ६२, गाव सांगलीकडे. रात्री आडवं झालं की खोकला, दम. एका उशीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. पहाटे उठून खिडकीपाशी बसायचे. घरात सगळे म्हणत, थंडीचा दमा असेल, आणि महिनाभर खोकल्याचं औषध चाललं. शेवटी एका डॉक्टरांनी विचारलं, ‘‘उशा किती लागतात हो तुम्हाला?’’ आणि पाय दाबून पाहिले. घोट्याजवळ बोटाचा खड्डा तसाच राहिला. एकोमध्ये दिसलं, डावी जवनिका दर ठोक्याला जेमतेम ३० टक्के रक्त बाहेर टाकतेय. निरोगी माणसात हा आकडा ५५ च्या वर असतो. लघवीवाटे पाणी काढणारी गोळी आणि हृदयाची औषधं सुरू झाली, आठवड्याभरात एक उशी कमी.

उशांचा संबंध काय? उभं असताना बरंच रक्त पायांत थांबतं. आडवं झालं की ते छातीकडे परततं. निरोगी हृदय ते पुढे पाठवतं, थकलेल्याला झेपत नाही. त्यामुळे झोपल्यावर दम लागतो आणि उठून बसल्यावर बरं वाटतं, असं घरात कुणाचं होत असेल तर लवकर डॉक्टरांना दाखवा आणि उशांचा आकडा न विसरता सांगा. एकदम गुदमरायला लागलं, फेसाळ गुलाबी थुंकी पडली, तर १०८ ला फोन, सकाळची वाट बघायची नाही.

एका श्रोत्याचा प्रश्न होता, लेहला थेट विमानाने गेलं तर धडधाकट तरुणाच्याही फुफ्फुसांत पाणी कसं होतं? इथे हृदय ठणठणीत असतं. फुफ्फुसाच्या ज्या भागात ऑक्सिजन कमी, तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त चांगल्या हवेच्या भागाकडे वळवतात. लोड बॅलन्सरच म्हणा. घरी हे उत्तम चालतं. पण साडेतीन हजार मीटरवर सगळीकडेच ऑक्सिजन कमी, मग जवळपास सगळीकडेच वाहिन्या आकसतात, उजव्या पंपाचं प्रेशर चढतं आणि काही जणांत तो पातळ पडदा झिरपायला लागतो. म्हणून पोचल्यावर पहिले दोन दिवस आराम करायचा. बसल्या बसल्या दम लागला तर ऑक्सिजन घ्यायचा आणि खाली उतरायचं, ट्रिपचे पैसे गेले तरी चालतील.

पुढच्या भागात मूत्रपिंड. मामांची ती पाण्याची गोळी नेमकी कुठे काम करते, तिथून सुरुवात करू.