थ्री नॉट थ्रीसाठी शिकारीची गोळी

मऊ शिशाचा तुकडा हवा, नळीच्या भोकाहून जेमतेम जाड. गळाला लावायचे मासेमारीचे शिसेही चालते. रायफलचा बोल्ट काढून बाजूला ठेवायचा, नळीतून तेलाचा बोळा फिरवायचा, शिसे तोंडाशी बसवून पितळी सळईने ठोकत आरपार न्यायचे. पहिले दोन-तीन ठोके जड जातात. मग शिसे आतल्या सर्पिल खाचांत रुतते आणि एकसारखे सरकू लागते. मध्येच ते एकदम सैल पडले, तर नळी तिथे झिजली आहे असे समजावे.

कॅनडात थ्री नॉट थ्रीची ली-एनफील्ड नंबर ४ घेऊन हरणाच्या किंवा मूसच्या शिकारीला निघणारा जाणकार गोळ्यांचे खोके घेण्याआधी हा उद्योग करतो. टोरांटोजवळच्या लाँग ब्रँच इथे १९४१ पासून या रायफली बनल्या. युद्ध संपल्यावर लष्कराने काढून टाकलेल्या रायफली स्वस्तात शिकाऱ्यांच्या घरी आल्या. उत्तरेतल्या कॅनेडियन रेंजर्सनी तर १९४७ पासून अगदी अलीकडेपर्यंत हीच रायफल वापरली.

अडचण मापाची आहे. .३०३ हा आकडा खाचांमधल्या उंचवट्यांवरून मोजलेला. खाचांच्या तळापर्यंत मोजले, तर कुठे ०.३१३ इंच भरतात, कुठे ०.३१५ च्याही पुढे. युद्धाच्या घाईत काही नळ्यांना पाचाऐवजी दोनच खाचा पाडल्या होत्या. पाच खाचांच्या नळीतून निघालेले शिसे मोजणेही सोपे नाही, कारण खाचेच्या बरोबर समोर खाच येत नाही, उंचवटा येतो. साधा मायक्रोमीटर माप कमी दाखवतो. व्ही आकाराच्या जबड्याचा लागतो.

दुकानात सर्वांत जास्त मिळणारी .३० कॅलिबरची गोळी ०.३०८ इंचांची. ती या नळीत खाचा नीट धरत नाही आणि कागदी लक्ष्यावर आडवी पडल्याचे भोक पाडते. .३०३ साठी सिएराची ०.३११ आणि हॉर्नडीची ०.३१२ इंचांची गोळी मिळते. नळी सैल असेल तर सपाट बुडाची गोळी घ्यावी. दारूच्या दाबाने तिचे बूड फुगते आणि खाच भरून निघते. निमुळत्या बुडाच्या कडेने मात्र तापलेला वायू निसटतो. जुन्या काडतुसांतले कॉर्डाइट फार तापून जळत असे. त्याने सुरुवातीचा भाग खाल्लेल्या नळ्यांत हा फरक लगेच दिसतो.

एवढे जमले की खरा प्रश्न येतो: गोळी जनावराच्या अंगात काय करणार? सैन्याची मार्क ७ गोळी १७४ ग्रेनची, म्हणजे सव्वाअकरा ग्रॅमची. ती पूर्ण धातूच्या आवरणात असते आणि टोकाशी शिशाऐवजी बहुधा अॅल्युमिनियम असते. ती पसरत नाही. युद्धात पसरणाऱ्या गोळ्या वापरायला १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने मनाई केली. त्यामागे कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यातल्या मऊ टोकाच्या गोळीवरून उठलेला वाद होता. शिकारीत नियम नेमका उलटा हवा. न पसरणारी गोळी आरपार जाते आणि जखमी जनावर मैलभर पळून झाडीत तडफडत मरते. ब्रिटिश कोलंबियासारख्या प्रांतात मोठ्या जनावरासाठी अशी गोळी बेकायदा आहे, आणि ते योग्यच आहे.

काही जण यावर उपाय म्हणून लष्करी गोळीचे टोक कानशीने घासतात. हे जिवावर बेतू शकते. त्या गोळीचे आवरण बुडाशी उघडे असते. टोकही उघडले, की शिसे पुढे निघून जाते आणि रिकामे आवरण नळीत अडकते. पुढच्याच बाराला नळी फाटते.

०.३११ मापाच्या १२३ ते १२५ ग्रेनच्या हलक्या गोळ्याही मिळतात. त्या ७.६२×३९ या मंद काडतुसासाठी बनवलेल्या असतात. थ्री नॉट थ्रीच्या वेगाने त्या खांद्याच्या हाडावरच फुटतात, फुप्फुसापर्यंत पोचत नाहीत. हरणासाठी १५० ग्रेन पुरते. मूससाठी १७४ किंवा १८० ग्रेनची मऊ टोकाची गोळी घ्यावी. वेगाचा हव्यास मात्र नको. या रायफलचा बोल्ट मागच्या बाजूला अडतो आणि चेंबर ऐसपैस असते. त्यामुळे जास्त दाबाने पितळी पुंगळी ताणली जाते आणि बुडाच्या कडेच्या थोडी वर चिरते.

जुन्या जर्मन रायफलींच्या बाबतीत मापाची चूक याहून महाग पडते. १८८८ ची ८ मिमी नळी ०.३१८ इंच गोळीची, १९०५ नंतरची ०.३२३ ची. जाड गोळी अरुंद नळीत घातली, तर दाब भलताच चढतो. म्हणून अमेरिकी कंपन्या ८ मिमीची काडतुसे मुद्दाम सौम्य भरतात.

थ्री नॉट थ्रीच्या जुन्या लष्करी काडतुसांच्या पेट्यांत पुण्याच्या खडकीतला मालही सापडतो, बुडावर के आणि एफ या इंग्रजी अक्षरांचा ठसा असलेला. तो सरावापुरता ठेवावा. जुन्या प्रायमरचे क्षार नळी गंजवतात. बार काढल्यावर त्याच दिवशी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल लावावे लागते.

शेवटची परीक्षा मैदानावर. नंबर ४ च्या मागच्या साइटवरचे आकडे मार्क ७ च्या वजनावर आणि वेगावर बेतलेले आहेत, सेकंदाला २,४४० फूट. त्यामुळे १७४ आणि १८० ग्रेनच्या गोळ्या त्या आकड्यांच्या जवळपास लागतात. १५० ग्रेनची जागा बदलते. मग वेगळ्या उंचीची फोरसाइटची पाती शोधा, बसवा, पुन्हा नेम तपासा. थंड नळीतला पहिला बार वेगळा नोंदवायचा, कारण जंगलात तोच कामाला येतो.