स्टेजसाठी अ‍ॅरेंजर कीबोर्ड: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गणेशोत्सव जवळ आला की वाद्यांच्या दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "टोन किती, रिदम किती?" मांडवात मात्र कसोटी वेगळीच लागते. एका गाण्याच्या टाळ्या थांबायच्या आत पुढचं गाणं तयार झालं पाहिजे. कीबोर्ड निवडायचा तो या कसोटीवर.

गैरसमज १: ऑर्केस्ट्रातला प्रत्येक कीबोर्ड अ‍ॅरेंजरच असतो.

वस्तुस्थिती: अ‍ॅरेंजरवर डाव्या हाताने कॉर्ड धरली की ताल, बेस, गिटार त्या कॉर्डप्रमाणे वाजू लागतात. इंट्रो, फिल-इन, एंडिंगची बटणं हाताशी असतात. यामाहाची पीएसआर-एसएक्स आणि कोर्गची पीए मालिका या जातीची. आपल्याकडे स्टेजवर सर्रास दिसणारा रोलँड एक्सपीएस-१० हा मात्र सिंथेसायझर आहे. ढोलकी, ऑक्टोपॅड, बेस असा पूर्ण संच असेल तर तो उत्तमच. पण गायक आणि तुम्ही असे दोघेच कार्यक्रम करणार असाल, तर अ‍ॅरेंजरला पर्याय नाही.

गैरसमज २: रिदम जितके जास्त, तितका कीबोर्ड चांगला.

वस्तुस्थिती: शेकडो रिदममधले बरेचसे लॅटिन, कंट्री, बॉलरूमचे असतात. आपल्याला लागतो ८ मात्रांचा केरवा, ६ मात्रांचा दादरा, अभंगाला भजनी ठेका आणि मधूनच ७ मात्रांचा रूपक. चार-चारच्या रिदमवर रूपक कसाही ओढला तरी बसत नाही, सम चुकतेच. म्हणून आकड्यापेक्षा हे विचारा: स्वतःचा रिदम बनवता येतो का? ७ मात्रांचा बनतो का? पेनड्राइव्हवरून भरता येतो का?

गैरसमज ३: ट्रान्सपोज वापरतो तो कच्चा वादक.

वस्तुस्थिती: गायक काळी १ मध्ये गाऊन उतरतो आणि गायिका काळी ५ मध्ये सुरू करते. अंतर ९ अर्धस्वरांचं. ट्रान्सपोजने बोटं तिथेच राहतात, पट्टी बदलते. ९ वर चढवून सूर चिरके वाटत असतील, तर ३ खाली उतरवा. पट्टी तीच मिळते. हे सगळं ऐनवेळी मोजत बसू नये. यामाहाची रजिस्ट्रेशन मेमरी किंवा कोर्गचं सॉन्गबुक टोन, रिदम, लय आणि ट्रान्सपोज एकत्र साठवून ठेवतं. गाण्यागणिक एक नोंद केली की काम भागतं. माझ्या मते स्टेजसाठी सर्वांत मोलाची सोय हीच.

गैरसमज ४: ६१ कीज म्हणजे शिकाऊ वाद्य.

वस्तुस्थिती: ६१ कीज म्हणजे ५ सप्तकं. डावीकडची २ कॉर्डला दिली तरी उजव्या हाताला ३ उरतात. भावगीत, लावणी, सिनेसंगीत त्यात आरामात बसतं. पियानोसारख्या जड ८८ कीज रोज जिने चढून न्यायच्या असतात, हेही लक्षात घ्या.

गैरसमज ५: अंगचे स्पीकर दमदार असले की झालं.

वस्तुस्थिती: ते फार तर तुम्हाला स्वतःला ऐकू येण्यापुरते. श्रोत्यांपर्यंत आवाज जातो तो मिक्सरमधून. त्यासाठी डावा-उजवा असे वेगळे लाइन आउट हवेत. अनेक स्वस्त कीबोर्डना फक्त हेडफोनचं भोक असतं, आणि त्यात पिन घातली की अंगचे स्पीकर बंद होतात. लांब वायरमधून घूं असा आवाज येऊ नये म्हणून मध्ये डीआय बॉक्स लावा.

दुकानात जाताना स्वतःची तीन गाणी ठरवून न्या: एक अभंग, एक दादऱ्यातलं भावगीत, एक लावणी, तिन्ही वेगळ्या पट्ट्यांत. सेटिंग साठवा. मग वायर काढून पुन्हा लावा, कारण जनरेटरवरची वीज मांडवात हेच करते. कीबोर्ड सुरू झाल्यावर तिन्ही गाणी एकामागून एक, न चाचपडता वाजवता आली, तर तो कीबोर्ड तुमचा.