अँटिव्हायरस आहे, म्हणजे कॉम्प्युटर सुरक्षित आहे का?

१२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या रॅन्समवेअरने जगभरातील लाखो कॉम्प्युटरमधील फाइल्स लॉक करून खंडणी मागितली. विशेष म्हणजे, तो ज्या त्रुटीतून घुसला, ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिले होते. ते न घेतलेले कॉम्प्युटर अडकले. म्हणूनच केवळ अँटिव्हायरसवर विसंबून राहू नका.

काय कराल?

• विंडोज आणि ब्राउझरचे अपडेट पुढे ढकलू नका.
• रोजच्या कामासाठी अ‍ॅडमिन नसलेले अकाउंट वापरा.
• प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड ठेवा, टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करा.
• बॅकअप घेतल्यावर हार्ड डिस्क काढून ठेवा. जोडलेली राहिली, तर तीही लॉक होऊ शकते.

ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर फोन करा.